दोन ॲप्स, एकच मांडणी

प्रश्न : महाविद्यालयाच्या ग्रंथालयासाठी आम्ही जँगोमध्ये वेबसाइट करतोय. ‘पुस्तके’ आणि ‘सभासद’ अशी दोन ॲप्स आहेत. दोन्हींचा मेन्यू आणि तळपट्टी सारखीच, म्हणून टेम्प्लेट्स कॉपी केली. आता मेन्यूत एक लिंक वाढवायची तरी दोन्हीकडे हात घालावा लागतो. शिवाय सभासदांची यादी उघडली की पुस्तकांच्या यादीचं पान येतं, तेही रिकामं! एकच टेम्प्लेट दोन ॲप्समध्ये नीट कसं वापरावं?

उत्तर : त्या रिकाम्या पानापासून सुरुवात करू. ते का आलं हे कळलं की बाकीचं सोपं आहे.

तुमची ॲप्स वेगळी असली तरी जँगोच्या लेखी टेम्प्लेट्स एकाच सामाईक यादीत असतात. व्ह्यूने टेम्प्लेट मागितलं की जँगो फक्त नाव घेऊन शोधायला निघतो. आधी सेटिंग्जमधल्या ‘डर्स’मध्ये दिलेली फोल्डरं, आणि ‘ॲप डर्स’ चालू असेल तर मग प्रत्येक ॲपचं ‘टेम्प्लेट्स’ फोल्डर, ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’मध्ये लिहिलेल्या क्रमाने. पहिलं सापडलं की शोध थांबतो. तुम्ही दोन्हीकडे फाइलचं नाव ‘यादी’ ठेवलं असणार आणि ‘पुस्तके’ वर लिहिलं असणार. सभासदांच्या व्ह्यूने माहिती बरोबर पाठवली, पण ती पडली पुस्तकांच्या टेम्प्लेटच्या हाती. त्याला हवी होती पुस्तकं. न मिळालेल्या व्हेरिएबलच्या जागी जँगो एरर न देता काहीच छापत नाही.

उपाय साधा आहे. प्रत्येक ॲपच्या ‘टेम्प्लेट्स’ फोल्डरात त्याच ॲपच्या नावाचं आणखी एक फोल्डर करा आणि व्ह्यूमध्ये ‘सभासद/यादी’ असं पूर्ण नाव द्या. ‘सभासद/टेम्प्लेट्स/सभासद’ हा रस्ता नव्याने शिकणाऱ्याला विचित्र वाटतो, पण तो टाळू नका.

यादी सामाईक आहे म्हणूनच वाटून घेणंही सोपं जातं. प्रोजेक्टच्या पातळीवर एक ‘टेम्प्लेट्स’ फोल्डर करून ते ‘डर्स’मध्ये नोंदवा आणि मेन्यू, तळपट्टी असलेली ‘बेस’ फाइल त्यात ठेवा. जिथे मजकूर बदलतो तिथे ‘ब्लॉक’ मोकळे सोडा. दोन्ही ॲप्समधली पानं ‘एक्स्टेंड्स’ने तिच्यावर उभी राहतील, हा टॅग पानातला सर्वांत पहिला टॅग असावा लागतो. पानांचे क्रमांक दाखवणाऱ्या पट्टीसारखे छोटे तुकडे ‘इन्क्लूड’ने घ्या. इन्क्लूड केलेल्या तुकड्याला मूळ पानाची सगळी व्हेरिएबल्स आपोआप मिळतात, आणि तुकडा नकळत त्यांवर विसंबायला लागतो. म्हणून सामाईक तुकड्याला लागेल तेवढंच ‘विथ’ने द्या आणि पुढे ‘ओन्ली’ लिहा, असा माझा आग्रह आहे.

शोधाचा क्रम आणखी एका ठिकाणी आडवा येतो. जँगोचा ॲडमिन हेही एक ॲपच. पासवर्ड रीसेटची पानं तो ‘रजिस्ट्रेशन’ फोल्डरात ठेवतो आणि तुमच्या पानांकडूनही त्याच नावांची अपेक्षा असते. तुमचं ॲप ॲडमिनच्या खाली लिहिलेलं असेल, तर तुम्ही मेहनतीने सजवलेल्या पानाऐवजी ॲडमिनचं पान दिसतं. ॲप वर घ्या किंवा ती फाइल प्रोजेक्टच्या फोल्डरात ठेवा. हाच क्रम कामालाही येतो. २०१५ सालच्या १.९ आवृत्तीपासून एखादं टेम्प्लेट आपल्याच नावाच्या, क्रमाने पुढे असलेल्या टेम्प्लेटवर ‘एक्स्टेंड्स’ करू शकतं. त्यामुळे ॲडमिनच्या पानाचा फक्त मथळा बदलायचा तर अख्खी फाइल उतरवून घ्यावी लागत नाही. २००५ साली खुला झालेला जँगो अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, लॉरेन्स शहरातल्या एका वृत्तपत्रात घडला. तिथे एकाच कचेरीतून अनेक वेबसाइट चालत. तेच ॲप वेगळ्या रूपात दाखवण्याची सोय अशा ठिकाणी किती मोलाची, हे वेगळं सांगायला नको.

एक मोह मात्र आवरा. दोन्ही याद्या सारख्या दिसतात म्हणून त्यांचं एकच टेम्प्लेट करू नका. उद्या सभासदांच्या यादीत थकलेला दंड येईल, पुस्तकांच्या यादीत कपाटाचा क्रमांक, आणि सामाईक फाइल ‘इफ’नी भरून जाईल. सांगाडा आणि छोटे तुकडे वाटून घ्या, याद्या ज्याच्या त्याच्याकडे राहू द्या.

आधी फोल्डरांची नावं दुरुस्त करून दोन्ही याद्या उघडून पाहा, आणि त्यानंतरच ‘बेस’ला हात घाला. दोन्ही बदल एकदम केलेत, तर पान बिघडलं कशामुळे हे शोधणं कठीण जाईल.