हिवताप, काढा आणि चिनी झुडूप

पावसाळ्यात चोपडा-यावलपासून शिरपूरपर्यंतच्या सातपुड्याच्या पट्ट्यात हुडहुडी भरून ताप आला, की आधी गुळवेल-काडेचिराईताचा काढा चुलीवर चढतो. आरोग्य केंद्र नंतर आठवते. या सवयीला हल्ली नवा आधार मिळाला आहे. हिवतापावरचे प्रभावी औषध चीनच्या झुडपातून निघाले, २०१५ मध्ये त्या शोधाला नोबेलही मिळाले. मग आपल्या काढ्याने काय घोडे मारले? प्रश्न रास्त आहे. पण त्या शोधाचा इतिहास काढ्याच्या बाजूने साक्ष देत नाही.

ते झुडूप म्हणजे चिंगहाव, आपल्या दवण्याच्या गोतातले. हा शोध लावणाऱ्या शास्त्रज्ञ टू यूयू यांना त्याच्या उकळलेल्या अर्कातून भरवशाचा गुण मिळेना. चौथ्या शतकातल्या गे होंग यांच्या ग्रंथात मात्र मूठभर चिंगहाव पाण्यात भिजवून, पिळून रस प्यावा, असे होते. उष्णतेने गुण जात असावा, हे ताडून टू यांनी १९७१ मध्ये कमी तापमानाला इथरने अर्क काढला, उंदीर-माकडांवर तपासला, स्वतः घेतला आणि मग रुग्णांना दिला. ग्रंथाने दिशा दाखवली. औषध ठरले ते मात्रा आणि परिणाम मोजल्यावर. चिंगहावच्या पानांचा चहाही जागतिक आरोग्य संघटना हिवतापासाठी मान्य करीत नाही, कारण त्यातले औषधाचे प्रमाण सारखे नसते.

‘काढ्याने ताप उतरला’ म्हणणारे खोटे बोलत नाहीत. हिवतापाच्या व्हायवॅक्स या प्रकारात थंडी, ताप आणि दरदरून घाम ही पाळी काही तासांत आपोआप ओसरते नि बहुधा एक दिवसाआड परतते. मधल्या दिवशी जे प्यायले त्याला श्रेय जाते. जंतू रक्तात वाढतच राहतात. फाल्सिपेरम हा प्रकार असेल तर ही दिरंगाई मेंदू-मूत्रपिंडावर बेतते. गोळ्या घेऊनही ताप उलटतो, हा आक्षेपही खरा. पण व्हायवॅक्सचे जंतू यकृतात दडून बसतात, त्यासाठीची प्रायमाक्विन १४ दिवस घ्यावी लागते आणि बरे वाटताच ती सोडली जाते. चिंगहावमधून निघालेले आर्टेमिसिनिनवर्गीय औषध शरीरातून काही तासांतच निघून जाते, म्हणून ते फाल्सिपेरममध्ये दुसऱ्या औषधाच्या जोडीने पूर्ण तीन दिवस देतात. अर्धवट डोसाने जंतू निर्ढावतात.

म्हणून ताप आला त्याच दिवशी आशाताईंकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. तपासणी आणि गोळ्या मोफत आहेत. गरोदर असाल तर आधी सांगा, प्रायमाक्विन तेव्हा चालत नाही. गुंगी, झटके, सतत उलट्या किंवा काळसर लघवी दिसली तर थेट मोठे रुग्णालय गाठा.