सांडपाणी, कर्दळ आणि जलपर्णी

शंका : घरात पाच माणसं. मोरीचं आणि स्वयंपाकघरातलं पाणी परसात साचून वास मारतं. तिथे कर्दळ लावली तर पाणी शुद्ध होईल का?

समाधान : नुसत्या डबक्यात लावलीत तर कर्दळ माजेल आणि वास तसाच राहील. घाण खाण्याचं काम मुख्यतः जिवाणूंचं. त्यांना बसायला जागा लागते आणि प्राणवायू लागतो. कर्दळ, पाणकणीस, देवनळ या पाणथळीतल्या झाडांच्या अंगात हवेच्या पोकळ्या असतात. वरची हवा त्यांतून मुळांपर्यंत उतरते आणि थोडी बाहेर झिरपते. जर्मनीत केटे झायडेल या संशोधक बाईंनी १९५० च्या दशकात अशा वनस्पतींवर प्रयोग सुरू केले, तिथून झाडं लावून सांडपाणी शुद्ध करण्याची ही पद्धत जगभर गेली.

तेव्हा डबकं नको, खडीचा वाफा करा. उष्ण हवेत माणशी १० ते २० चौरस फूट जागा धरतात. दोन फूट खोल खणून तळाला शेततळ्याचा कागद अंथरा, वर धुतलेली खडी भरा आणि तिच्यात कर्दळ लावा; जिवाणू खडीवर बसतात. खडी धुतलेलीच हवी, कच राहिली की वाफा चोंदलाच म्हणून समजा. पाणी आधी छोट्या टाकीत निवळू द्या, म्हणजे खरकटं तळाला बसेल आणि तेल वर तरंगेल. त्या टाकीची साफसफाई हा सगळ्यात कंटाळवाणा भाग, आणि बहुतेक वाफे तिथेच मरतात.

बाहेर पडणाऱ्या पाइपाला फिरता एल्बो बसवा. तो वर-खाली करून पाणी खडीच्या दोन इंच खाली ठेवता येतं, मग डासांना अंडी घालायला जागा उरत नाही. काही आठवड्यांनी वरची खडी बाजूला सारून खालचा खडा उचला. बुळबुळीत लागला तर जिवाणू बसले.

वाफ्यातून निघणारं पाणी केळी-नारळाला द्या. पिऊ नका.

शंका : जलपर्णी पाणी स्वच्छ करते म्हणतात. मग पंचगंगेतून, पवनेतून ती काढतात कशाला?

समाधान : ती नत्र-स्फुरद भराभर शोषते हे खरं. पण वेळेवर बाहेर काढली नाही तर तिथेच कुजते आणि घेतलेलं सगळं पाण्यालाच परत करते. वर हिरवी चादर, त्यामुळे खाली ना ऊन ना हवा, मासे गुदमरतात. उपयोग आहे, पण बंदिस्त तळ्यात आणि नेमाने काढणारा माणूस असेल तरच. वाहत्या नदीत सांडपाणी सोडायचं थांबवल्याशिवाय ती हटत नाही.

शंका : वाफ्यात कर्दळीऐवजी अळू लावू का?

समाधान : लावा, पण सांडपाण्यावर वाढलेल्या त्या पानांची अळूवडी करू नका. आणि घरच्या सांडपाण्याऐवजी प्लेटिंगच्या (धातूवर मुलामा चढवण्याच्या) कारखान्याचं पाणी असेल तर हा वाफाच करू नका. क्रोमियम, जस्त जिवाणू खात नाहीत, ते गाळात आणि मुळांत साठत राहतात.