शाई लागायच्या आधी

परवा फोनवर तू एकदम विचारलंस, "ताई, देवावर भरवसा आहे ना आपला? मग मत देऊन काय करायचं?" आणि मी म्हटलं, घरी आलीस की बोलू. आई शेजारीच बसली होती गं, आणि ती या विषयावर एकदा सुरू झाली की तुझं रिचार्ज संपलं असतं. आता निवांत लिहिते. होस्टेलच्या खोलीत एकटी असशील तेव्हा वाच.

हा प्रश्न मला नवा नाही. आपल्या मंडळीतली निम्मी तरुण पोरं निवडणूक आली की हेच बोलतात. राजकारण म्हणजे घाण, विश्वासी माणसाने त्यात हात घालू नये, आपण प्रार्थना करावी. आणि हीच पोरं आदल्या रात्री उमेदवाराच्या मटणाच्या पंगतीत पहिल्या ओळीत असतात! मला त्यांचा राग येत नाही, पण त्यांच्याकडून अध्यात्म शिकायचं नाही, एवढं मी ठरवलंय.

तू आज रात्री शास्ते पुस्तकाचा नववा अध्याय काढ. अबीमलेखाने आपल्या सत्तर भावांना मारायला घेतलं आणि शखेमात तो राजा झाला. सगळ्यात धाकटा योथाम तेवढा वाचला. तो गरिज्जीम डोंगराच्या माथ्यावर चढला आणि तिथून ओरडून लोकांना त्याने गोष्ट सांगितली: झाडांना राजा हवा होता. ती जैतुनाकडे गेली, जैतून म्हणाला मी माझं तेल सोडून येऊ का? अंजीर म्हणाला माझी गोडी सोडून येऊ का? द्राक्षवेलीनेही नाही म्हटलं. शेवटी काटेझुडपाला विचारलं, तर ते लगेच तयार. या माझ्या सावलीत, नाहीतर माझ्यातून आग निघेल. काटेझुडपाची सावली कधी पाहिलीस? शेळीसुद्धा तिथे टेकत नाही.

लहानपणापासून आपण यावर एकच उपदेश ऐकलाय, की भल्या माणसाने सत्तेच्या नादी लागू नये. मला मात्र ती गोष्ट वाचताना दरवेळी वाटतं, अरे, झाडं काटेझुडपाकडे आधी गेलीच नव्हती. ती चौथ्या खेपेला गेली. फळ देणाऱ्या तिघांनी अंग काढून घेतलं म्हणून गेली. आपला आंबा आणि आपला मोह जर म्हणायला लागले की आम्हाला या भानगडीत ओढू नका, तर या डोंगरात राज्य कुणाचं येईल ते तूच सांग.

आता माझ्या ड्युटीचं सांगते. १३ मे २०२४, लोकसभेचं मतदान. आम्हा शिक्षकांना सहसा आपल्याच विधानसभा भागात ड्युटी देत नाहीत, म्हणून मला शहाद्याकडे, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात पाठवलं होतं. पहाटे साडेपाचला उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर मॉक पोल, निदान पन्नास मतं टाकायची, मोजून दाखवायची, पुसायची, मग मशीन सील करायचं. सातला दार उघडलं तेव्हा बाहेर बायकांचीच रांग मोठी. आमचूरचे दिवस ना ते. कैऱ्या सोलून सोलून, चिरून चिरून सगळ्यांचे हात चिकाने काळे पडलेले. माझ्याकडे शाई लावायचं काम. डाव्या तर्जनीवर नखापासून पहिल्या पेरापर्यंत रेघ ओढायची, पण बोट आधीच इतकं काळं की शाई लागली की नाही तेच दिसेना. मी फडक्याने बोट पुसून नखाच्या कडेला लावत होते. एक आजी पावरीत म्हणाली, घाई कर, वर आभाळ आलंय, फोडी भिजल्या तर काळ्या पडतील. काळ्या आमचूरला व्यापारी भाव पाडून मागतो, हे तुला मी वेगळं सांगायला नको.

तेवढ्यात एक तरुण एका म्हातारीचा हात धरून आला. हिला दिसत नाही, मी बटण दाबतो. ठीक आहे, नियम आहे तसा, फॉर्म भरून घेतला. अर्ध्या तासाने तोच पोरगा दुसऱ्या म्हातारीला घेऊन हजर! आमच्या केंद्राध्यक्षांनी त्याला बाहेर काढलं. एका माणसाला दिवसभरात एकाच मतदाराचा सोबती होता येतं. ती दुसरी म्हातारी तिथेच उभी राहिली. तिला चांगलं दिसत होतं. ती आत गेली, मशीनवर वाकली, बीप वाजला, काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते ती तिने पुरती बघितली, आणि बाहेर आल्यावर त्या पोराकडे न बघता सरळ निघून गेली. त्या दिवशी मला जे बरं वाटलं ना, ते शब्दांत सांगता येणार नाही.

म्हणून पहिली गोष्ट: त्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे तू एकटी असतेस. बाबा नाहीत, पाळकसाहेब नाहीत, मीही नाही. तुझं मत फुटत नाही. पण एक खरं तेही सांगून ठेवते. माणसाचं मत गुप्त असलं तरी केंद्राचं नसतं. मोजणी मशीनगणिक होते, आणि कुठल्या केंद्रावर कुणाला किती पडली हे निकालानंतर सगळ्यांना कळतं. आमच्याकडे एकेका पाड्याचं वेगळं केंद्र. मग नेता म्हणतो, तुमच्या पाड्याने आम्हाला दिलं नाही, आता रस्ता मागायला येऊ नका. सगळ्या मशिनी एकत्र जोडून मोजायची सूचना निवडणूक आयोगाने २००८ मध्ये केली होती, विधी आयोगानेही २०१५ मध्ये केली, पण ती अजून लागू झालेली नाही. त्यामुळे 'अमुक मंडळीची मतं माझ्या खिशात आहेत' असं सांगणारा मध्यस्थ दोन्हीकडून खातो, आणि मतं फिरली तर भोगायचं पाड्याने. असल्या हिशेबात आपल्या मंडळीचं नाव येऊ द्यायचं नाही.

उमेदवार रविवारी उपासनेला येतो ते तू पाहिलंयस. मागच्या बाकावर चपला हातात धरून बसतो, शेवटी पुढे बोलावलं की हात जोडतो. येऊ दे. त्याच्यासाठी प्रार्थनाही करू, आपल्याला सगळ्यांसाठीच करायला सांगितलंय. पण प्रार्थनेनंतर कुणी पुलपिटावरून चिन्ह सांगायला लागलं तर ते चुकीचं आहे, आणि नुसतं मला वाटतं म्हणून नव्हे. प्रार्थनास्थळात प्रचार करायचा नाही, हे आचारसंहितेतच आहे. धर्माच्या नावाने मत मागणं हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ प्रमाणे भ्रष्ट आचार आहे, आणि २ जानेवारी २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी चार विरुद्ध तीन असा निकाल दिला की उमेदवाराचा धर्म असो की मतदाराचा, दोन्हींच्या नावाने मागता येणार नाही. दुसऱ्याने देवळाच्या नावाने मत मागितलं की आपल्याला झोंबतं ना? मग आपण चर्चच्या नावाने मागितलं तर ते पवित्र कसं होईल?

आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. तो तू विचारला नाहीस, पण तुझ्या आवाजात होता. कॉलेजातल्या मुली तुला म्हणतात, ख्रिस्ती झालात म्हणजे तुम्ही आदिवासी उरला नाहीत, तुमच्या सवलती काढून घ्यायला हव्यात. अशी मागणी करणाऱ्या मोर्च्यांच्या रील्स मलाही येतात. २०२५च्या पावसाळी अधिवेशनात आपल्या जिल्ह्यातल्या नवापूर तालुक्यातली चर्चेस बेकायदा म्हणून गाजली, तेव्हापासून आईला रात्री झोप लागत नाही. तुला घाबरायला होतं हे मला कळतं. पण घाबरलेलं माणूस मत देताना सगळ्यात मोठ्याने ओरडणाऱ्याच्या मागे जातं, मग तो धमकावणारा असो की 'मीच तुम्हाला वाचवीन' म्हणणारा. म्हणून आधी काय आहे ते नीट समजून घे.

सवलती काढून घ्यायची ही मागणी जुनी आहे. १९६०च्या दशकात काँग्रेसचे खासदार कार्तिक उरांव यांनी ती संसदेत मांडली होती. पण आजचा कायदा असा आहे: अनुसूचित जातींच्या १९५०च्या आदेशात धर्माची अट आहे, अनुसूचित जमातींच्या आदेशात नाही. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की धर्म बदलला म्हणून जमात आपोआप सुटत नाही, मात्र तो माणूस अजून जमातीच्या रीतीभाती पाळतो का, समाज त्याला आपला मानतो का, हे बघावं लागेल. या शेवटच्या वाक्यावर जरा थांब. आपल्याकडचे काही उत्साही लोक सांगतात, होळीच्या भोंगऱ्या बाजाराला जाऊ नका, लग्नाच्या ढोलापासून लांब राहा, पावरी बोलूही नका. पूजेत बसायचं नाही हे मला मान्य आहे, मीही बसत नाही. पण काकाच्या लग्नात भाकरी थापायला कोण जाणार? मयताला खांदा कोण देणार? ग्रामसभेत जंगलहक्काचा ठराव आला तर हात कोण वर करणार? येशूने आपल्याला आपल्या माणसांतून उठून जायला सांगितलं असं माझ्या वाचनात कुठे आलेलं नाही.

ख्रिस्ती म्हणून आपल्याला वेगळी राखीव जागा नाही, आणि याचं मला बरंच वाटतं. इंग्रजांच्या काळात होत्या. १९४९च्या मे महिन्यात संविधान सभेने धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागा नाकारल्या तेव्हा अल्पसंख्याकांच्या उपसमितीचे अध्यक्ष हरेंद्र कुमार मुखर्जी स्वतः ख्रिस्ती होते, आणि ते त्याच बाजूने होते. त्याच सभेत जयपालसिंग मुंडा होते. मुंडा आदिवासी, बाप्तिस्मा झालेला ख्रिस्ती, १९२८च्या ऑलिम्पिकमधल्या हॉकी संघाचा कर्णधार, ऑक्सफर्डला शिकलेला. डिसेंबर १९४६ मध्ये तो माणूस उठला आणि आपण 'जंगली' असल्याचा अभिमान आहे असं भर सभेत सांगितलं. तो ख्रिस्ती लोकांचं गाऱ्हाणं घेऊन उभा राहिला नव्हता, सगळ्या आदिवासींसाठी बोलत होता. आणि त्याला काय मिळालं? झारखंड राज्याचं स्वप्न पाहत १९७० मध्ये तो गेला. राज्य झालं २००० साली, नोव्हेंबरात.

आशेचं म्हणशील तर मला असल्या माणसांकडून शिकावंसं वाटतं. आपल्या नंदुरबारने काय कमी आशा लावल्या? लोकसभेला महाराष्ट्रातला हा पहिल्या क्रमांकाचा मतदारसंघ. माणिकराव गावितांना लोकांनी १९८१ पासून सलग नऊ वेळा निवडून दिलं. २०१४ ला त्यांना पाडून हिना गावित आल्या, २०१९ ला पुन्हा आल्या, २०२४ ला त्यांना पाडून गोवाल पाडवी. दरवेळी गुलाल उधळला, दरवेळी आपल्या चुलतभावाने डीजेपुढे नाचून चप्पल हरवली. सगळे आपलेच आदिवासी प्रतिनिधी. आणि तरी वरच्या पाड्यांवरून बाळंतिणीला अजून झोळीत घालून आणतात. मामाचं शेत बुडीतात गेलं, सरदार सरोवराने अक्कलकुवा आणि अक्राणीची मिळून तेहतीस गावं घेतली, तेव्हाही निवडणुका होतच होत्या. बिलगावला लोकांनी श्रमदानाने उदई नदीवर छोटा वीजप्रकल्प उभारला, २००३ साली दिवे लागले, २००६च्या पुरात सगळं वाहून गेलं. मामा म्हणतो, तीन वर्षं तर उजेड पाहिला.

म्हणून मी उमेदवाराकडून तारण मागत नाही. ते खातं दुसरीकडे आहे, आणि तिथलं काम झालेलं आहे. उमेदवाराकडे मी नर्स मागते, फरशी पूल मागते, आश्रमशाळेला पाण्याची टाकी मागते. त्याने नाही दिलं तर पाच वर्षांनी दुसऱ्याला देते, माझा विश्वास काही डळमळत नाही. ज्यांनी नेत्यालाच देव केला त्यांचं निकालाच्या दिवशी बघ, जेवण जात नाही. जिंकले तरी शेजाऱ्याशी बोलत नाहीत. यिर्मयाने बाबेलात नेलेल्या लोकांना पत्र पाठवलं त्यात काय लिहिलं होतं आठव: घरं बांधा, मळे लावा, ज्या शहरात आहात त्याचं भलं बघा. तेही परक्या राजाच्या शहरात! आपण तर आपल्याच डोंगरात आहोत.

कामाचं सांगायचं राहिलंच. यादीत नाव आहे का ते आधी बघ, आधार आणि ओळखपत्र असून उपयोग नाही, यादीत नाव लागतं. नसेल तर सहा नंबरचा फॉर्म भर, ऑनलाइन होतो. पत्ता इथलाच दे. दिवाळीनंतर अर्धा तालुका ऊसतोडीला गुजरातेत जातो, गेल्या विधानसभेला २० नोव्हेंबरला मतदान होतं तेव्हा कितीतरी घरांना कुलूप होतं. तू निदान बसने येऊ शकतेस. शहाद्याहून दुपारची गाडी पकड, संध्याकाळची घाटात बंद पडते.

आणि आल्यावर बाबांशी वाद घालू नकोस, त्यांचा पक्ष ठरलेला आहे आणि त्यांचं बीपी वाढतं. मत कुणाला दिलंस ते मला सांगू नकोस. आई खोदून खोदून विचारेल, तिला म्हण, आधी तू सांग.