दूरदर्शनसंचातील ध्वनिनियंत्रण : तंजावरी वीणेच्या निमित्ताने

तंजावरी वीणेची तार छेडली की नाद फणसाच्या लाकडातून कोरलेल्या घटात घुमतो व हळूहळू विरतो. तार ओढून काढलेली अनेक गमके या विरत्या नादावरच उमटतात. म्हणून तिरुवैयारूच्या त्यागराज आराधनेतील वीणा संचावर ऐकताना क्षीण नादाचे काय होते, हा प्रश्न गौण नव्हे.

16 बिटांच्या अंकी ध्वनीत 65,536 पायऱ्या असतात. ध्वनिचिपने अंकी अवस्थेतच आवाज उतरविला, आणि पुढील परिवर्तकही 16 बिटांचाच असला, तर दर 6 डेसिबलमागे सुमारे एक बिट खर्ची पडतो. 36 डेसिबलने उतरविल्यावर उरतात 1,024 पायऱ्या. भरघोस स्वराला त्या पुरतात. विरणारा नाद मात्र खडबडीत होतो. परिवर्तकानंतर अॅनालॉग नियंत्रण ठेवल्यास नादाबरोबर परिवर्तकाची खरखरही उतरते. 24 बिटांच्या परिवर्तकांनी ही हानी पुष्कळशी टळते, हे खरे. तथापि अॅनालॉग रचनाच अधिक सरळ वाटते.

काही चिपांना दोन अॅनालॉग निर्गम असतात : एक स्थिर, दुसरा आवाजाबरोबर बदलणारा. ध्वनिवर्धकाला दुसरा सोयीचा. ध्वनिमुद्रणासाठी मात्र पहिलाच घ्यावा. एरवी घरात कोणी आवाज कमी केला की मुद्रणातील वीणाही तितकीच दबते.