स्वीटकॉर्न फ्रीजरात टाकण्याआधी

परसातलं स्वीटकॉर्न तयार होतं ते एका दमात. मृगाच्या पावसावर टोकलेलं असेल तर गणपतीच्या आसपास एकाच आठवड्यात सगळी कणसं भरून येतात. उकडून झाली, भाजून झाली, शेजारीपाजारी वाटून झाली, की घरातली माणसं कणीस बघून तोंड फिरवतात आणि कुणीतरी म्हणतं, "फ्रीजर आहे की आपल्याकडे."

आमच्याकडे ते सासूबाई म्हणाल्या. सगळ्यांनी बसून दाणे सोलले, पिशवीत भरले, गाठ मारली आणि बर्फाच्या ट्रेशेजारी कोंबले. दिवाळीत पाहुणे आले तेव्हा पिशवी उघडली, तर आत एकच ढेकूळ. ते बत्त्याने फोडावं लागलं. शिजवल्यावर वाळक्या कडब्यासारखा वास सुटला, दाणा चिवट आणि गोडी जवळपास नाहीच. "फ्रीजरातल्याला चव नसतेच," असा निकाल देऊन सासूबाई मोकळ्या झाल्या. पण बिचाऱ्या फ्रीजरचा त्यात फारसा दोष नव्हता.

कणीस खुडलं की त्यातल्या साखरेचा स्टार्च व्हायला लागतो. जुन्या, साध्या गोड जातींत ३० अंश तापमानाला एका दिवसात ६० टक्क्यांपर्यंत साखर जाते. शून्य अंशाला तेच प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास राहतं. हल्ली मिळणारी अतिगोड संकरित बियाणी याबाबतीत बरीच दमदार आहेत, गोडी जास्त टिकवतात. तरी सकाळी खुडून दुपारभर ओट्यावर पडलेलं कणीस संध्याकाळी गोठवायला घेऊ नये. मी आता आधी पाणी तापत ठेवते आणि मगच पाटी घेऊन परसात जाते. कणसाचे केस तपकिरी होऊन वाळलेत का बघायचं, शेंड्याकडचं साल जरासं उलगडून दाण्यात नख रोवायचं. दुधासारखा रस उडाला तर कणीस तयार. पाणीदार निघाला तर दोन दिवस थांबायचं, आणि रस पिठासारखा घट्ट असेल तर ते कणीस भाजायला ठेवायचं. २०१८ मध्ये आपल्याकडे आलेली लष्करी अळी शेंड्यात दडून बसलेली असू शकते, तेवढंही तेव्हाच पाहून घ्यावं.

आता त्या कडब्याच्या वासाविषयी. दाण्यात विकरं असतात. थंडीने ती सुस्तावतात, मरत नाहीत, आणि महिनोन्‌महिने हळूहळू चव बिघडवत राहतात. त्यांना उकळत्या पाण्यानेच गप्प करावं लागतं. अर्धा किलो कणसांना चारेक लिटर पाणी लागतं, म्हणजे घरच्या पातेल्यात एका वेळी तीन-चार कणसांपेक्षा जास्त मावत नाहीत. कणसं सोडली की उकळी बसते. ती एका मिनिटाच्या आत परत आली पाहिजे, नाही आली तर घाणा मोठा झाला असं समजायचं. उकळी परत आल्यापासून चार मिनिटं मोजायची, आणि लगेच कणसं बर्फाच्या पाण्यात. तिथेही तेवढाच वेळ. हा बर्फ आदल्या दिवशीच डब्या-वाट्यांतून करून ठेवा. नळाच्या पाण्यात नुसती बुचकळून काढली तर आतला दांडा गरमच राहतो आणि दाणे शिजत राहतात.

दाणे कापायचे ते उकळून गार झाल्यावर. कणीस ताटात उभं धरून सुरी दाण्याच्या दोन-तृतीयांश खोलीपर्यंतच उतरवावी. मुळापर्यंत घातली की दांड्याचा चिवट कोंडा सोबत येतो आणि खाताना दातांत अडकतो. कापलेले दाणे सुती फडक्यावर पसरून पाणी टिपायचं, मग ताटात एकेरी पसरून दोन-तीन तास गोठवायचे. सुटे कडक झाले की पिशवीत भरून, हवा दाबून काढून, वर तारीख लिहायची. एवढं केलं की ढेकूळ होत नाही, मूठभर हवे तर मूठभर निघतात.

अख्खी कणसं गोठवायच्या फंदात मी पडत नाही. त्यांना आकाराप्रमाणे सात ते अकरा मिनिटं उकळावं लागतं, कमी पडलं तर दांड्याची चव दाण्यात उतरते, आणि सहा कणसांत फ्रीजर भरून जातो.

फ्रीजरचीही पारख हवी. फ्रीजच्या दारावर चिकटवलेले तारे वीजबचतीचे असतात. थंडीचे तारे वेगळे, फ्रीजरच्या झाकणावर किंवा माहितीपुस्तिकेत असतात: एक म्हणजे उणे ६ अंश, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८. खरी साठवण उणे १८ ला. तिथे दाणे आठ-दहा महिने चांगले राहतात. एकदारी फ्रीजमध्ये तेवढी थंडी बहुधा नसते, तिथले दोन-अडीच महिन्यांत संपवावेत. गावाकडे वीज जाते ती वेगळीच. त्यासाठी वाटीत पाणी गोठवून त्यावर एक रुपयाचं नाणं ठेवते. लग्नाकार्याहून परतल्यावर नाणं तळाशी दिसलं, तर मधे सगळं वितळून पुन्हा गोठलंय हे कळतं आणि पिशव्या मुकाट गुरांच्या गव्हाणीत जातात. शिजवताना दाणे आधी बाहेर काढून ठेवू नयेत, थेट तापल्या कढईत टाकावेत.

एक गोष्ट मात्र फ्रीजरच्या हातात नाही. शेजारच्या रानात मुरघासासाठी मका असेल आणि दोन्ही पिकं एकाच वेळी तुऱ्यावर आली, तर त्याचे पराग आपल्या कणसावर येतात आणि त्याच हंगामात दाणे पिठूळ निघतात. अडीचशे फुटांचं अंतर परसात कुठून आणायचं? त्यापेक्षा पेरणीआधी विचारून घ्यावं, "भाऊ, मुरघासाचा मका कधी टाकताय?" आणि आपली टोकणी दोन आठवडे पुढे-मागे करावी. आपलीही एकदम करू नये, दहा-बारा दिवसांच्या अंतराने दोन टप्प्यांत करावी. प्रत्येक टप्प्याला एकच लांब सरी न लावता चार आखूड ओळींचा चौकोन धरा. पराग वाऱ्यावर पडतात आणि एकट्या सरीतली कणसं अर्धवट भरतात.