अंगावरचे लाल ठिपके : डॉक्टरांना काय सांगावे?

झाशीचा उन्हाळा सर्वश्रुत आहे. मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या घरात पोहोचतो, घरोघरी कूलर अहोरात्र चालतात आणि पाठीवर, मानेवर घामोळे उठते. पावसाळा सरता सरता त्याच कूलरच्या साचलेल्या पाण्यात डेंग्यू पसरवणारा एडीस डास वाढतो. त्यामुळे बदलीने येथे आलेल्या मराठी कुटुंबात एखाद्याच्या अंगावर बारीक लाल ठिपके दिसले, की घामोळे म्हणून दुर्लक्ष करावे की तातडीने रुग्णालय गाठावे, हा प्रश्न साहजिकच पडतो.

याचे पहिले उत्तर घरातील काचेच्या पेल्याने मिळू शकते. पारदर्शक पेला ठिपक्यांवर हलकेच दाबून त्यातून पाहावे. घामोळे, पित्ताच्या गांधी वा साधे पुरळ यांत रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात. दाबताच रक्त बाजूस सरते आणि लाली फिकी पडते. परंतु रक्त सूक्ष्म केशवाहिनीतून बाहेर झिरपून त्वचेत साचले असेल, तर कितीही दाबले तरी ठिपका तसाच राहतो. असे ठिपके बहुधा दोन मिलिमीटरहून लहान, सपाट आणि न खाजणारे असून प्रथम पायांवर दिसतात.

असे ठिपके म्हणजे गंभीर आजारच, असे मात्र नाही. जोराच्या खोकल्याने वा उलटीने चेहऱ्यावर व मानेवर ते उमटतात आणि काही दिवसांत जातात. तिशीनंतर छाती-पोटावर येणारे, वर्षानुवर्षे तसेच राहणारे लालचुटूक, किंचित उंच तीळही दाबल्याने पूर्ण नाहीसे होत नाहीत. पण ते निरुपद्रवी असतात. चिंता असते ती नव्याने आणि भराभर वाढणाऱ्या ठिपक्यांची. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट घटल्या, काही औषधांचा दुष्परिणाम झाला, रक्तवाहिन्यांना सूज आली किंवा क्वचित रक्ताचा कर्करोग असला, तरी त्वचेवर दिसते ते हेच. म्हणूनच नुसते पाहून निदान होत नाही.

येथे भाषेची एक गंमत ध्यानात ठेवावी. ज्याला आपण गोवर म्हणतो, त्याला झाशीत ‘खसरा’ म्हणतात. बँकेत मात्र शेतकरी ग्राहक कर्जाच्या कागदपत्रांत ‘खसरा’ आणतो, तो जमिनीचा! पुरळाला ‘दाने’ म्हणतात, चट्ट्यांना ‘चकत्ते’. आपल्याला ठिपके म्हणायचे असतील तर नुसते ‘दाने’ म्हणून भागत नाही. ते सपाट आहेत, खाजत नाहीत आणि दाबल्याने जात नाहीत, एवढे स्पष्ट सांगावे. ठिपके कोणत्या दिवशी व कोठे दिसले, ताप कधी आला, कधी उतरला, हिरड्यांतून वा नाकातून रक्त आले का, शौचास काळे होते का, कोणती औषधे चालू आहेत, हे कागदावर लिहून न्यावे. रोज उजेडात काढलेले छायाचित्रही उपयोगी पडते, कारण ठिपके तपासणीच्या दिवशी पुसट झालेले असू शकतात.

डॉक्टर प्रथम रक्ताची संपूर्ण गणना करावयास सांगतात. प्लेटलेटची सर्वसाधारण संख्या एका मायक्रोलिटरमध्ये दीड ते साडेचार लाख असते. डेंग्यूचा संशय असल्यास तापाच्या पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ आणि त्यानंतर आयजीएम ही चाचणी अधिक उपयुक्त ठरते. खात्यातील एका दिवसाच्या शिलकेवरून व्यवहार कळत नाही, तसेच एका अहवालाचे आहे. आकडा कोणत्या दिशेने जात आहे ते पाहावे लागते. झाशीत १९६८ साली स्थापन झालेले महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे जाताना जुने अहवाल क्रमाने लावून न्यावेत.

प्लेटलेट उतरल्याचे कळताच शेळीचे दूध आणि पपईच्या पानांचा रस शोधण्याची धावपळ सुरू होते. ही धावपळ व्यर्थच म्हटली पाहिजे, कारण शेळीच्या दुधाने प्लेटलेट वाढतात याला पुरावा नाही आणि पानांचा रस उपचाराची जागा घेऊ शकत नाही. रक्तस्राव नसताना केवळ आकड्याच्या भीतीने प्लेटलेट चढवण्याचा आग्रहही धरू नये. भारतातील मार्गदर्शक सूचनांनुसार अशा स्थितीत संख्या दहा हजारांखाली गेल्यावरच त्याचा विचार होतो. अॅस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन मात्र कटाक्षाने टाळावे, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. हृदयविकारासाठी अॅस्पिरिन चालू असेल, तर ते डॉक्टरांना विचारूनच थांबवावे.

सर्वाधिक फसगत होते ती ताप उतरल्यावर. डेंग्यूचा धोक्याचा काळ साधारणतः तिसऱ्या ते सातव्या दिवसात, नेमका ताप ओसरतानाच येतो. रुग्ण बरा झाला असे समजून घरचे निर्धास्त होतात आणि त्याच वेळी रक्तातील द्रव वाहिन्यांबाहेर झिरपू लागतो. पोटात तीव्र दुखणे, वारंवार उलट्या, कोठूनही रक्त येणे, हातपाय गार पडणे, लघवी कमी होणे वा कमालीची अस्वस्थता, यांतील एकही लक्षण दिसल्यास सकाळची वाट पाहू नये. तापाबरोबर न पुसणारे ठिपके तासातासाला वाढत असतील, मान ताठरली असेल किंवा रुग्णाला गुंगी येत असेल, तर तो मेंदूज्वराचा वा रक्तातील जंतुसंसर्गाचा इशारा असू शकतो; तेव्हा आधी रुग्णालय गाठावे.