गॅरेजसमोरची रांग

चि. बाळास,


माणमधलं तुझं गॅरेज जोरात चाललंय, सकाळी उघडायच्या आतच गाड्या उभ्या असतात, असं तुझी आई फोनवर सांगत होती. ऐकून फार बरं वाटलं. मजुरी वाढवायचं म्हणतोस, तीही वाढव. भाडं काय आहे ते मला ठाऊक आहे. पण ‘उद्या या म्हटलं तरी लोक येतातच’ असं तू म्हणालास म्हणे. त्या वाक्यासाठी हे पत्र.

लोक येतात, कारण त्यांना दुसरीकडे जाणं परवडत नाही. आयटी पार्कच्या फेज ३ मध्ये वेळेवर हजेरी लावायची असलेला मुलगा तुटलेली क्लच केबल घेऊन हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून वाकडला जाईल का? तो तुझ्याच दारात थांबणार. तुझं काम त्याला आवडलं की नाही, हे त्यावरून कळत नाही. ते कळेल शेजारी दुसरं गॅरेज उघडल्यावर.

हे मी हवेत बोलत नाही. आपल्याच पट्ट्यात हे मोठ्या प्रमाणावर घडलेलं आहे. तुझ्या जन्माआधी आकुर्डीच्या बजाजच्या चेतक स्कूटरसाठी लोक दहा-दहा वर्षं थांबायचे. किती गाड्या काढायच्या हे सरकारी परवाना ठरवायचा आणि मागणी त्याच्या कितीतरी पुढे. नंबर लागला की तीच गाडी वर पैसे घेऊन विकता यायची. गाडी खरोखर दणकट होती. नवरा-बायको, दोन पोरं आणि भाजीची पिशवी, सगळं वाहून न्यायची. कुठल्याही गावचा मेस्त्री ती खोलू शकायचा. पण सकाळी सुरू झाली नाही की तिला एका अंगावर कलती करायची, मग किकवर किक, नाहीतर प्लग काढून घासायचा. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं ते वेगळंच. लोकांनी हे सगळं निमूट केलं. धंद्यातल्या माणसाला हा निमूटपणा फसवतो, कारण वरून तो पसंतीसारखाच दिसतो.

१९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली. बटण दाबलं की सुरू, गिअरची भानगड नाही. पुढच्याच वर्षी हिरो होंडाची सीडी १०० आली, थोड्या पेट्रोलात लांब जाणारी. १९९१ नंतर परवान्यांचं राज्य संपलं आणि लोकांपुढे निवड करायला गाड्या आल्या. कुणी मोर्चा काढला नाही की भांडण केलं नाही; पुढची गाडी घेताना माणूस दुसऱ्या शोरूममध्ये गेला, एवढंच. काही वर्षांत हिरो होंडा विक्रीत बजाजच्या पुढे निघून गेली. २००९ मध्ये बजाजने स्कूटर बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा राहुल बजाज यांनी आपल्याला वाईट वाटल्याचं उघड सांगितलं. मला त्यांच्याविषयी आदर आहे, म्हणून ते आजही लागतं. कारण लोकांना स्कूटर नकोशी झालीच नव्हती. त्याच काळात होंडाची अ‍ॅक्टिव्हा घरोघरी जात होती. जड गाडी आणि हातातले गिअर यांमुळे ज्या बायका मागच्या सीटवरच बसत आल्या होत्या, त्या आता हँडल धरून कामावर निघाल्या होत्या. हे गिऱ्हाईक आधीही घरात होतंच, त्याला कुणी विचारलं नव्हतं.

बजाज कंपनीनेच २००१ मध्ये पल्सर आणली, हेही विसरू नकोस. मायलेजच्या पलीकडे तरुण पोरांना गाडीत दम हवा आहे, हे तिने ओळखलं आणि चाकणच्या कारखान्यातून त्या गाडीने तिला पुन्हा उभं केलं. गिऱ्हाईक परत मिळवता येतं, पण त्याला काय हवंय ते त्याच्या डोळ्यांनी पाहावं लागतं.

तू काय पाहायचंस? ‘संध्याकाळी सहा’ म्हटलंस तर सहाला गाडी तयार हवी. होणार नसेल तर तीन वाजताच फोन कर. सांगितल्यापेक्षा जास्त काम निघालं, तर विचारल्याशिवाय पान्हा लावू नकोस. बदललेला जुना पार्ट त्याच्या हातात दे, आणि नवा ओरिजिनल टाकलास की लोकल हे बिलावर लिही. एखादी मुलगी एकटी गाडी घेऊन आली की तिला अडाणी समजून आकडा फुगवणारे मेस्त्री मी पाहिलेत. तुझ्या हाताखालच्या पोरांना हे कधीही करू देऊ नकोस. आणि तक्रार घेऊन परत आलेल्या माणसाला आधी स्टूल दे. तो तुला दुसरी संधी द्यायला आलाय. बाकीचे न बोलता जातात.

दुसरी वाट गिऱ्हाइकांना मिळणारच आहे. शिवाजीनगरच्या मेट्रोचा डेपो तुमच्या माणमध्येच आहे. काहीजण गाडी घरी ठेवूनच कामाला जातील. सोसायटीत येऊन सर्व्हिसिंग करणारी पोरं आजही फिरताहेत. चेतक तर २०२० पासून इलेक्ट्रिक होऊन पुण्याच्या रस्त्यांवर परत आली आहे, तिला ना प्लग ना कार्बोरेटर. तेव्हा इलेक्ट्रिक गाड्यांचं काम आताच शिकून घे. औंधच्या आयटीआयमध्ये चौकशी कर, फी मी भरतो. नवे मजुरीचे दर मात्र रंगवून बाहेर लाव, म्हणजे गाडी आत घ्यायच्या आधीच माणसाला ते वाचता येतील.

तुझा,
मामा